चाळीस घड्याळांचे प्रमाणपत्र

दिल्लीत आमच्या वसाहतीला लागून असलेल्या सोसायटीत एक निवृत्त मराठी तंत्रज्ञ राहतात. एका संस्थेच्या कार्यशाळेत पस्तीस वर्षे मोजमापाची उपकरणे दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. लहानथोर सारे त्यांना नाना म्हणतात. मधुमेहामुळे त्यांच्या पत्नीची दृष्टी अधू झाली, तेव्हा नानांनी तिच्यासाठी भिंतीवरचे एक इलेक्ट्रॉनिक घड्याळ घरीच तयार केले. तळहाताएवढे तांबडे आकडे, खाली देवनागरीत वार, आणि औषधाची वेळ झाली की मंद घंटा. गणेशोत्सवात नानांकडे दर्शनाला आलेल्या ज्येष्ठ मंडळींनी ते पाहिले आणि पंधरवड्यात चाळीस जणांनी ‘आम्हालाही एक करून द्या’ म्हणून नावे नोंदवली. नाना हिशेबी गृहस्थ. त्यांनी सुट्या भागांचा खर्च मांडला, माफक किंमत ठरवली आणि एका संध्याकाळी माझ्याकडे येऊन विचारले, “साहेब, तुम्ही सरकारात आहात म्हणून विचारतो. हे विकायचे तर कुणाचे प्रमाणपत्र लागते का हो?”

प्रश्न साधा होता. केंद्र सरकारच्या सेवेत जवळजवळ तीस वर्षे घालवूनही मला त्याचे उत्तर देता आले नाही. “बघून सांगतो,” असे म्हणालो आणि ते ‘बघणे’ तीन आठवडे चालले. या शोधात जे हाती लागले आणि त्यावरून जे विचार मनात आले, ते वाचकांपुढे ठेवण्यासाठी हा लेख आहे. माझ्या सेवेचा या विषयाशी प्रत्यक्ष संबंध नाही; मते अर्थातच वैयक्तिक आहेत.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. आपल्या पिढीला ‘आयएसआय’चा शिक्का परिचित आहे. तो ज्या संस्थेच्या नावावरून आला ती भारतीय मानक संस्था १९४७ साली स्थापन झाली. १९८६ च्या कायद्यान्वये तिचे रूपांतर भारतीय मानक ब्यूरोत झाले आणि १ एप्रिल १९८७ पासून ब्यूरोचे काम सुरू झाले. सध्या लागू असलेला कायदा २०१६ चा असून तो ऑक्टोबर २०१७ मध्ये अंमलात आला. मानके मुळात ऐच्छिक असतात. मात्र या कायद्याच्या कलम १६ खाली लोकहित, आरोग्य, सुरक्षितता, पर्यावरण अशा कारणांसाठी केंद्र सरकार एखाद्या वस्तूवर मानकचिन्ह सक्तीचे करू शकते. तसे केल्यावर कलम १७ लागू होते. त्यानुसार ती वस्तू चिन्हाविना तयार करणे, आयात करणे, विकणे, भाड्याने देणे, इतकेच काय विक्रीसाठी साठवणे किंवा मांडणे, हे सारे निषिद्ध ठरते. मूळ कायद्यात यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा पहिल्या गुन्ह्यास किमान दोन लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद करण्यात आली होती.

इलेक्ट्रॉनिक वस्तूंबाबत हे पाऊल २०१२ साली उचलले गेले. ‘इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान वस्तू (सक्तीची नोंदणी) आदेश’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या त्या आदेशात पहिल्यांदा पंधरा वस्तू होत्या. पुढे मोबाइल फोन, पॉवर बँक, अडॅप्टर, एलईडी दिवे, मनगटी स्मार्ट घड्याळे असे करीत ही यादी सुमारे साठ वस्तूंपर्यंत वाढली, आणि २०२१ मध्ये जुन्या आदेशाची जागा नव्या आदेशाने घेतली. त्या मूळ पंधरा वस्तूंतच ‘मुख्य वीजपुरवठ्यावर चालणारी इलेक्ट्रॉनिक घड्याळे’ होती. म्हणजे नानांचे घड्याळ पहिल्या दिवसापासून यादीत होते!

येथे ‘आयएसआय’चा परवाना आणि ही नोंदणी यांतील फरक समजून घेणे उपयुक्त ठरेल, कारण पुष्कळ सुशिक्षितांचाही तेथे घोटाळा होतो. आयएसआय परवान्यासाठी ब्यूरोचे अधिकारी कारखाना पाहतात, तेथील चाचणी-व्यवस्था तपासतात. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या नोंदणीत आधी कारखान्याची पाहणी होत नाही. उत्पादकाने आपला नमुना ब्यूरोमान्य प्रयोगशाळेत तपासून घ्यायचा, तो अहवाल, वस्तूच्या रचनेचा तपशील आणि महत्त्वाच्या सुट्या भागांची यादी जोडून अर्ज करायचा, आणि ‘माझी वस्तू मानकानुसार आहे’ असे स्वतः घोषित करायचे. नोंदणी झाली की ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा क्रमांक मिळतो. तो वस्तूवर छापावा लागतो आणि ग्राहकाला ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपवर तो पडताळून पाहता येतो. पुढची देखरेख बाजारातून नमुने उचलून केली जाते. नोंदणी उत्पादनाच्या जागेशी बांधलेली असते. तीच वस्तू दुसऱ्या पत्त्यावर तयार केली तर नवी नोंदणी घ्यावी लागते.

कागदावर ही पद्धत सुटसुटीत आहे हे मान्य केले पाहिजे. विश्वास आधी, तपासणी नंतर, हे तिचे तत्त्व परवानाराजाच्या तुलनेत कितीतरी प्रगत आहे. मग अडचण कोठे आहे? त्याआधी, हे प्रमाणपत्र हवेच कशाला, या प्रश्नाला प्रामाणिकपणे सामोरे जायला हवे. कारण छोट्या उत्पादकाची कैफियत मांडताना ‘सरकारी काम, सहा महिने थांब’ असे म्हणून टाळ्या मिळवणे सोपे असते. वीज मात्र उत्पादकाचा आकार पाहून झटका देत नाही.

माझा एक सहाध्यायी चाचणी प्रयोगशाळेतून निवृत्त झाला आहे. त्याला मी नानांकडे घेऊन गेलो. त्याने घड्याळ भिंतीवरून उतरवले, पाठीमागचे झाकण उघडले आणि क्षणभर पाहून विचारले, “नाना, यात ट्रान्सफॉर्मर कुठे आहे?” ट्रान्सफॉर्मर नव्हताच. २३० व्होल्टचा पुरवठा एका कपॅसिटरमधून उतरवून सरळ मंडलाला दिलेला होता. ही युक्ती हौशी कारागिरांत आणि स्वस्त मालात फार प्रचलित आहे. तिच्यामुळे जागा वाचते, पैसे वाचतात आणि घड्याळ उत्तम चालते. परंतु घरातील वीजपुरवठा आणि वापरणाऱ्याचे बोट यांच्यामध्ये विलगीकरण असे काहीच उरत नाही. सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल यांची अदलाबदल झालेली असली, आणि जुन्या घरांत अशी सॉकेटे पुष्कळ सापडतात, तर वेळ लावण्याच्या बटणाचा धातूचा दांडा थेट फेजवर येतो. ज्या दृष्टी अधू झालेल्या माउलीसाठी ते घड्याळ केले होते, ती रोज चाचपडत त्याच बटणाला हात लावीत होती.

नाना पस्तीस वर्षे या क्षेत्रात वावरलेले. तरीही ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती, कारण स्वतः वापरताना ते सवयीने सावध असत. चाचणीची गरज येथेच आहे. मानकातील कसोट्या म्हणजे अनोळखी माणूस आपली वस्तू कशी हाताळील याचा पद्धतशीर विचार असतो. सहाध्यायी सांगत होता: मानवी बोटाच्या आकाराचा, सांधे असलेला धातूचा एक नमुना प्रत्येक फटीत घालून पाहतात, जिवंत भागाला तो स्पर्श करतो का म्हणून. २३० व्होल्टवर चालणाऱ्या वस्तूच्या प्रबलित विद्युतरोधनावर एक मिनिटभर ३००० व्होल्टचा दाब देतात. एकेक भाग मुद्दाम बिघडवून पाहतात, कारण वस्तू केव्हातरी बिघडणारच. बिघडल्यावर ती पेटता कामा नये आणि तिने झटका देता कामा नये. प्लास्टिक तापवून ते मऊ पडते का, जळत राहते का, हेही पाहतात. भारतात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडतात. हा आकडा शेतातील तारा, पंप, घरांतील वायरिंग अशा सर्व कारणांचा मिळून आहे, केवळ उपकरणांचा नाही. पण त्यावरून आपल्या घरांतील आणि रानांतील वीज किती निष्काळजीपणे हाताळली जाते, याची कल्पना यावी.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून आणखी एक कारण मला दिसते. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की, मालाचा खरा दर्जा विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असेल, तर वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकून लावतो. २००१ साली त्यांना मिळालेल्या नोबेल पारितोषिकामागे हेच काम होते. घड्याळाच्या आत विलगीकरण आहे की नाही हे ग्राहकाला बाहेरून दिसत नाही. त्याला दिसते ती फक्त किंमत. विलगीकरणावर खर्च करणारा उत्पादक मग महागडा ठरतो आणि मागे पडतो. शिक्का हा या रोगावरचा उपाय आहे. तो प्रामाणिक उत्पादकाच्या हिताचा असतो.

तेव्हा शिक्का हवाच. पण तो मिळवण्याचा मार्ग असा हवा की ज्याच्यासाठी तो आहे त्याला त्या मार्गाने जाता यावे. आपली व्यवस्था नेमकी येथे चुकते, असे माझे मत आहे.

चाचणी आणि नोंदणी यांचा खर्च हा अर्थशास्त्राच्या भाषेत स्थिर खर्च आहे. चाळीस नग विका किंवा चाळीस हजार, तो तेवढाच राहतो. उदाहरणापुरते समजा की चाचणीचे शुल्क, चाचणीत नष्ट होणारे नमुने, अर्जाचे शुल्क आणि कागदपत्रे मिळून एक लाख रुपये लागतात. चाळीस हजार घड्याळांवर हा बोजा दर नगाला अडीच रुपये पडतो, चाळीस घड्याळांवर अडीच हजार रुपये. म्हणजे नियम सर्वांना सारखा असला तरी त्याचे ओझे उत्पादकाच्या आकाराच्या उलट प्रमाणात वाढत जाते. असा कर कोणत्याही अर्थमंत्र्याने लावला असता तर संसदेत गदारोळ झाला असता. येथे तो अनुपालनाचा खर्च म्हणून येतो आणि कोणाच्या नजरेस पडत नाही.

यावर ‘सूक्ष्म उद्योगांना सवलती आहेत’ असे उत्तर दिले जाते. सवलती आहेत हे खरे. परंतु १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या व्याख्येनुसार सूक्ष्म उद्योग म्हणजे अडीच कोटी रुपयांपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग. स्वयंपाकघराच्या टेबलावर चाळीस घड्याळे जोडणारे नाना आणि वर्षाला नऊ कोटींचा माल विकणारा कारखानदार प्रशासनाच्या दृष्टीने एकाच वर्गात मोडतात. ज्या चाळणीची भोके एवढी मोठी, तिच्यातून नानांसारखा माणूस वेगळा निघणार कसा?

दुसरी अडचण यादीची. सक्ती कोणत्या वस्तूला हे वस्तूच्या नावावरून ठरते. २०१२ च्या पहिल्या यादीत बिनतारी कीबोर्ड होता, जो दोन लहान सेलवर चालतो आणि ज्याने कोणाला झटका बसण्याची शक्यता जवळजवळ नाही. उलट, उत्तर भारतापासून तामिळनाडूपर्यंत गल्लोगल्ली तयार होणारा, पाण्याच्या टाकीवर बसवायचा आणि पंप आपोआप चालू-बंद करणारा नियंत्रक या यादीत नाही; तेथे तर पाणी आणि २३० व्होल्ट शेजारी नांदतात. गंमत अशी की मानक मात्र शहाणे झाले आहे. आयईसी ६२३६८ हे आंतरराष्ट्रीय मानक, ज्याचा भारतानेही स्वीकार केला आहे, वस्तूचे नाव विचारत नाही. तिच्यातील ऊर्जा माणसाचे काय करील, हे विचारते. जाणवेल पण दुखणार नाही ती पहिली श्रेणी, दुखेल पण इजा होणार नाही ती दुसरी, आणि इजा होईल ती तिसरी. जशी श्रेणी तसा बंदोबस्त. अभियंत्यांनी धोक्याचे मोजमाप केले, आणि आम्ही प्रशासक अजून नावांची यादी करीत बसलो आहोत.

तिसरी अडचण सर्वांत क्षुल्लक वाटते, पण माझ्या मते तीच सर्वांत जाचक आहे. नियम आपल्याला लागू आहे की नाही, हेच नागरिकाला खात्रीने कळत नाही. सहाध्यायाच्या सल्ल्यावरून नानांनी घड्याळाची रचना बदलली. आतील २३० व्होल्ट काढून टाकले, बाजारातून नोंदणी क्रमांक असलेला पाच व्होल्टचा अडॅप्टर आणला आणि घड्याळ त्यावर चालवले. झटक्याचा धोका आता त्या प्रमाणित अडॅप्टरच्या आतच अडवला गेला. मग हे घड्याळ ‘मुख्य वीजपुरवठ्यावर चालणारे’ राहिले का? मी दोन सल्लागारांना विचारले. एक म्हणाला, नोंदणी लागत नाही. दुसरा म्हणाला, सोबत अडॅप्टर देणार असाल तर लागते. दोघेही लेखी द्यायला तयार नव्हते. तिसऱ्याने, ‘माझ्याकडे सोपवा, मी बघतो,’ असे सांगून आपले शुल्क कळवले. नियम आणि नागरिक यांच्यामध्ये जेव्हा संदिग्धतेची दरी पडते, तेव्हा तिच्यावर पूल बांधून जकात वसूल करणारे लगेच उभे राहतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. दरी आम्ही ठेवलेली असते.

आणि नानांचे घड्याळ तर साधे. त्यांनी इंटरनेटवरून वेळ जुळवण्यासाठी त्यात वाय-फाय बसवले असते, तर दूरसंचार विभागाच्या बिनतारी शाखेची उपकरण-मंजुरी आली असती. वेष्टनावर उत्पादकाचे नाव, पत्ता, महिना आणि कमाल किंमत छापण्यासाठी वैधमापनशास्त्राचे नियम आहेतच. ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांनी सूक्ष्म उद्योगांना वगळले आहे, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब. यांतला प्रत्येक नियम स्वतंत्रपणे पाहिला तर समंजस आहे. प्रत्येकामागे एक मंत्रालय आहे, एक फाइल आहे आणि तिच्यावर माझ्यासारख्याच कोणीतरी सद्हेतूने केलेली सही आहे. हे सारे एकाच माणसाच्या टेबलावर एकाच वेळी येऊन पडतात, एवढेच आमच्यापैकी कोणाला दिसत नाही.

परदेशी राहणारे वाचक येथे विचारतील, की आमच्याकडे कसे चालते? तिकडेही एकच पद्धत नाही. युरोपातील ‘सीई’ चिन्ह बहुतांश घरगुती विद्युत वस्तूंसाठी उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर लावतो. तांत्रिक कागदपत्रे मात्र त्याला तयार ठेवावी लागतात. (आपल्या बाजारातील चार्जरवर ‘सीई’ छापलेले पाहून पुष्कळांना ते सुरक्षिततेचे प्रमाणपत्र वाटते. भारतात त्याला काडीचाही कायदेशीर अर्थ नाही.) अमेरिकेतील ‘यूएल’ ही संस्था १८९४ साली शिकागोत आगीच्या विम्याच्या व्यवहारातून जन्मली, तिचा शिक्का मुळात विमा कंपन्यांना हवा होता. दोन्हीकडे शिक्क्यामागे नुकसानभरपाईचा धाक असतो. वस्तूने इजा केली तर उत्पादकाला न्यायालयात किंमत मोजावी लागते. भारतात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने उत्पादनाच्या दायित्वाची तरतूद आणली आहे, परंतु तिच्या धाकावर विसंबून आधीची तपासणी सोडून द्यावी, इतकी आपली न्यायव्यवस्था अद्याप शीघ्र नाही. म्हणून युरोपची नक्कल करा, असे मी म्हणणार नाही.

छोट्यांना सरसकट सूट द्या, असेही म्हणणार नाही. खेळण्यांच्या बाबतीत तसे केले गेले. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले, तेव्हा हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना आणि भौगोलिक संकेत मिळालेल्या खेळण्यांना त्यातून वगळण्यात आले. चन्नपट्टणचे किंवा कोंडापल्लीचे लाकडी खेळणे पिढ्यानुपिढ्या मुलांच्या हाती गेले आहे. त्याची परीक्षा काळानेच घेतलेली आहे. विजेच्या वस्तूला अशी परंपरा नाही. नानांचे पहिले घड्याळ याची साक्ष देते. कसोटी सर्वांना एकच असावी, मात्र ती उतरल्याचे सिद्ध करण्याची रीत संख्येप्रमाणे आणि धोक्याप्रमाणे वेगळी असावी, हा माझा मुद्दा आहे. त्यासाठी चार सूचना कराव्याशा वाटतात.

१. सक्तीची यादी ऊर्जेच्या श्रेणीवरून ठरवावी. जी वस्तू केवळ नोंदणीकृत अडॅप्टरवर, सुरक्षित अल्प दाबावर आणि मर्यादित शक्तीवर चालते, तिच्यासाठी उत्पादकाची एक पानी घोषणा पुरेशी मानावी. लिथियम बॅटरीला मात्र ही मुभा नसावी, कारण तेथे दाब कमी असला तरी आगीचा धोका असतो. प्रमाणित सेल वापरण्याचे बंधन तेथे राहावे.

२. तुकडीपुरते प्रमाणपत्र असावे. वर्षाला दोनशे नगांपर्यंत विकणाऱ्याचा एक नमुना झटका आणि आग या दोन कसोट्यांवर पूर्ण तपासावा, बाकी प्रत्येक नगाची विद्युतरोधनाची चाचणी करून त्या तुकडीचाच क्रमांक द्यावा. संशोधनासाठी मर्यादित नग आयात करण्यास सूट देण्याची पद्धत आजही आहे. म्हणजे संख्येवर आधारलेली सवलत प्रशासनाला अपरिचित नाही.

३. परीक्षेआधी शिकवणी असावी. सरकारी प्रयोगशाळांनी आठवड्यातून एक दिवस छोट्या उत्पादकांचे नमुने नाममात्र शुल्कात पाहून, काय चुकले आणि ते कसे सुधारावे, हे सांगावे. चाचणीचे बोट आणि विद्युतरोधन तपासण्याचे यंत्र ही फार महागडी साधने नव्हेत. प्रत्येक तंत्रनिकेतनात ती ठेवता येतील. नानांची चूक उमगायला माझ्या सहाध्यायाला पाच मिनिटे पुरली. ती पाच मिनिटे आज देशातील सामान्य कारागिराला कोठेही उपलब्ध नाहीत.

४. ‘हा नियम मला लागू आहे का?’ या प्रश्नाला पंधरा दिवसांत लेखी आणि बंधनकारक उत्तर मिळावे. करांच्या क्षेत्रात आगाऊ निर्णयाची व्यवस्था अनेक वर्षे आहे. वस्तू व सेवा करातही ती आहे. लक्षावधींची उलाढाल करणाऱ्याला जी निश्चिती आपण देतो, ती चाळीस घड्याळे विकणाऱ्याला का देऊ नये?

दुसऱ्या सूचनेचा गैरफायदा घेतला जाईल, मोठे उत्पादक दोनशे-दोनशेच्या तुकड्या पाडतील, असा आक्षेप माझ्याच सहकाऱ्यांनी घेतला. आक्षेप रास्त आहे. पण पॅन क्रमांक आणि उद्यम नोंदणी यांच्याशी मर्यादा जोडली, तर हे शोधून काढणे आज अवघड नाही. आणि खरे पाहता, ज्याला नियम चुकवायचा आहे तो तुकड्या पाडण्याचा खटाटोप करीतच नाही. तो चिन्हाशिवाय माल विकून मोकळा होतो. आमची सारी दक्षता अर्ज घेऊन दाराशी येणाऱ्यावर खर्च होते आणि जो येतच नाही तो निर्धास्त असतो. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार आहे. किती नोंदण्या दिल्या याचे आकडे आम्ही दर महिन्याला वर पाठवतो. त्यामुळे किती झटके टळले, हे मोजण्याचा रकाना आमच्या तक्त्यात नाही.

नानांचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. कायद्याच्या भीतीने त्यांनी विक्रीचा विचार सोडून दिला. चाळीसांपैकी बारा जणांनी स्वतः सुटे भाग आणि नोंदणीकृत अडॅप्टर आणले आणि रविवारी नानांच्या बैठकीत बसून, त्यांच्या देखरेखीखाली आपापले घड्याळ आपणच जोडले. स्वतःच्या वापरासाठी केलेल्या वस्तूला हा आदेश लागू होत नाही. उरलेल्या अठ्ठावीस जणांना तेवढी उमेद नव्हती. त्यांतील काहींनी घाऊक बाजारातून मोठ्या आकड्यांची तयार घड्याळे आणली; किमतीतही ती स्वस्त पडली. गेल्या महिन्यात त्यांपैकी एक बिघडले म्हणून नानांकडे आले. मी योगायोगाने तेथेच होतो. नानांनी मागचे झाकण उघडले आणि काही न बोलता घड्याळ माझ्यापुढे सरकवले. आत ट्रान्सफॉर्मर नव्हता. २३० व्होल्टचा पुरवठा एका कपॅसिटरमधून सरळ मंडलात जात होता, आणि बटणाचा दांडा धातूचा होता. नोंदणीचा क्रमांक कोठेही नव्हता.

ज्याने चूक सुधारली त्याचे घड्याळ विक्रीला आले नाही, आणि ज्याने कोणालाही काही विचारले नाही त्याचे घड्याळ एका वृद्ध गृहस्थाच्या उशाशी लटकत होते. नानांनी ते दुरुस्त करून द्यायला नकार दिला. त्या गृहस्थांना त्यांनी आपल्या घरचे घड्याळ देऊन टाकले आणि पत्नीसाठी दुसरे करायला घेतले. त्यांनी मला विचारलेल्या प्रश्नाचे लेखी उत्तर मात्र मी अद्याप देऊ शकलेलो नाही.